फोंड्यातला एक पावसाळा काढलेला पीसी : काय घेतलं, पैसे कुठे घातले

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर होतं आणि आमच्या घरचा कॉम्प्युटर इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरवर चालणारा. विंडोज ११ ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, तेव्हा त्याला निरोप द्यायचाच होता. नवा मे महिन्यात जोडून घेतला, मुद्दाम पावसाआधी. मधे अख्खा पावसाळा गेला, चवथ गेली, जत्रांची नाटकं सुरू झाली. आता त्याच्याबद्दल काही बोलायला हरकत नाही.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढची निवड कळेल. देवळांच्या उत्सवातली आणि स्पर्धेतली नाटकं आमचं मंडळ दोन कॅमेऱ्यांनी शूट करतं, एडिटिंग माझ्याकडे. बाकी घरगुती कामं आणि सुट्टीत आलेल्या भाच्याचे गेम. बजेट मॉनिटर धरून साठ हजार, फार तर दोन-चार इकडेतिकडे.

साठ हजार म्हटलं की जो तो सांगतो, निम्मे ग्राफिक्स कार्डात घाल, उरलेल्यात बाकीचं बसव. भाचा तर यादीच घेऊन आला होता. त्या यादीत पॉवर सप्लाय सगळ्यात शेवटी, दीड हजाराचा, आणि यूपीएस नव्हताच. गोव्यात राहून ही यादी मला पटेना. इथे जूनच्या पहिल्या वाऱ्याला माडाची चुडतं तारांवर पडतात, वीज जाते, येते, पुन्हा जाते. येताना कधी कमी दाबाने, कधी धडाक्याने. तेव्हा मी हिशोब भिंतीतल्या प्लगापासून सुरू केला आणि प्रोसेसरपर्यंत वर आणला.

सगळ्यात पहिला खर्च कॉम्प्युटरचा नव्हताच, अर्थिंगचा होता. जुन्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की चुणचुण यायची. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट पत्र्यावर सोडतात. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर आपल्या बोटात. घर जुनं, चिऱ्याचं. वायरमनने मीटरजवळचा खड्डा उघडला तर आतली माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी. त्याने नवा पाइप घातला, भोवती कोळसा-मीठ भरलं, वरून पाणी ओतलं आणि बजावलं, "बाय, उन्हाळ्यात मधूनमधून पाणी घालत जा." चुणचुण त्याच दिवशी थांबली. नव्या यूपीएसवर वायरिंगच्या दोषाचा लाल दिवा आहे, तो अजून एकदाही लागलेला नाही.

यूपीएस ११०० व्हीएचा घेतला, साधारण साडेपाच हजार. दुकानात ६०० व्हीएचा दाखवत होते, "कांय जावचें ना" (काही होणार नाही) म्हणत. पण व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. ६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस ३६० वॅटच्या आसपास देतात. आजच्या माझ्या मशीनला ते पुरतील, उद्या ग्राफिक्स कार्ड बसवलं की मॉनिटरसकट ओढाताण होईल. पॉवर सप्लाय ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र), पाच वर्षांच्या वॉरंटीचा, चार हजारांचा. पावसाळ्यात एडिटिंग चालू असताना वीज कितीदा गेली ते मोजलं नाही, पण एकही प्रोजेक्ट फाइल बिघडली नाही. गडगडाट सुरू झाला की मात्र मी सगळं प्लगातून काढते, राऊटरची लॅन केबलसुद्धा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राऊटरच्या अडॅप्टरमधून आलेला झटका लॅन केबलने थेट मदरबोर्डवर पोचू शकतो.

प्रोसेसरवर बराच काथ्याकूट झाला. एका बाजूला रायझन ५ ७६००, एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), पुढे अपग्रेडला वाव असलेला; पण नव्या पिढीची डीडीआर५ रॅम आणि महाग बोर्ड त्याच्यासोबत आलाच. दुसऱ्या बाजूला इंटेल आय५-१२४००, सहा कोअर, बारा थ्रेड, आधीच्या पिढीच्या डीडीआर४ रॅमच्या स्वस्त बोर्डवर चालणारा. मी दुसरा घेतला, आणि नावापुढे एफ नसलेला. १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात आतलं ग्राफिक्स नाही. माझं सगळं काम त्या आतल्या ग्राफिक्सवरच चालतं. आमच्या एका कॅमेऱ्याचं फुटेज एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२ असतं, म्हणजे घट्ट दाबलेलं आणि रंगांचे बारकावे जास्त ठेवणारं. ते उलगडायची सोय इंटेलच्या क्विक सिंकमध्ये, म्हणजे त्या आतल्या ग्राफिक्समधल्या व्हिडिओच्या खास भागात आहे. एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीच्या ग्राफिक्स कार्डांत नाही. म्हणजे भाच्याच्या यादीतलं कार्ड घेऊनही माझी टाइमलाइन अडखळलीच असती. आपलं सॉफ्टवेअर क्विक सिंक वापरतं की नाही ते तेवढं आधी बघून घ्यावं. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत २०२४ मध्ये व्होल्टेजमुळे अस्थिरपणाचा जो घोळ झाला, त्यातूनही बारावी पिढी सुटलेली आहे.

सॉकेट मात्र संपलेला. चौदाव्या पिढीच्या पुढे त्यावर काही येणार नाही. मागचं मशीन आठ-नऊ वर्षं वापरणाऱ्या माणसाला त्याचं काय एवढं वाटणार!

रॅम ३२ जीबी, सोळाच्या दोन पट्ट्या. दोन अशासाठी की आतलं ग्राफिक्स मेमरी रॅममधूनच घेतं, आणि एकाच पट्टीवर ते चांगलंच मंदावतं. २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव जे चढले, ते पाहता आज याच रकमेत हे मशीन बसणार नाही. आता जोडायला निघालेल्यांनी आधी रॅमचा भाव विचारावा, मग बाकीचं ठरवावं.

स्टोरेजचा हिशोब लोक फारसा करत नाहीत. फोर-के फुटेज १०० एमबीपीएसने रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी. तीन तासांचं नाटक, दोन कॅमेरे, म्हणजे २७० जीबी. एक टीबीच्या एसएसडीत तीन नाटकं टाकली की ती भरलीच. त्यामुळे चालू कामाला एक टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी), जास्त टिकाऊ टीएलसी चिपची, आणि साठवणीला जुन्याच मशीनमधली हार्ड डिस्क. एसएसडी जेन ३ ची, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या जोडणीची पुरते. जेन ४ कागदावर दुप्पट वेगाची, पण मला साडेतीन हजार एमबी आणि सात हजार एमबीमधला फरक फक्त कॉपी करताना दिसतो, आणि तिथेही समोरची हार्ड डिस्क दोनशेच्या आतच अडवते.

आता केस. काचेच्या पुढच्या बाजूच्या, रंगीत दिव्यांच्या केस सुंदर दिसतात. मी जाळीचा पुढा आणि निघणारे फिल्टर असलेली साधी घेतली, साडेतीन हजारांची. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा; आत येणारी हवा जास्त राहिली की फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. जूनच्या तोंडावर फिल्टर काढला तर तो अक्षरशः तांबडा. धुतला, वाळवला, परत लावला. पावसाळ्यात धूळ बंद होते आणि दमट हवा सुरू होते. कपाटातल्या साड्यांना बुरशी येते तिथे मदरबोर्ड काय अपवाद? मी एकच नियम पाळला. काम असो नसो, रोज तासभर मशीन चालू. आतली ऊब ओल धरू देत नाही. मागचे न वापरलेले स्लॉट पट्ट्यांनी बंद ठेवले, कारण पाल आणि मुंग्या दोघींनाही उबदार जागा आवडते. चवथीच्या सफाईत बाजू उघडून पाहिली तर गंज नाही, मुंग्या नाहीत.

तक्रारी आहेत. केसबरोबर आलेल्या पुढच्या दोन पंख्यांपैकी एक सप्टेंबरात घरघरू लागला. बदलून मिळाला, पण केस म्हापशाच्या दुकानातून घेतली होती म्हणून. एसएसडी ऑनलाइन घेतली, ती बिघडली तर बहुधा कुरिअरने मुंबईला पाठवून वाट पाहत बसावं लागेल. त्यामुळे जड आणि बिघडू शकणाऱ्या वस्तू, म्हणजे यूपीएस, पॉवर सप्लाय, मॉनिटर, केस इथेच घ्याव्यात, दोन-चारशे जास्त गेले तरी. प्रोसेसर-रॅम कुठूनही आणा. आणि प्रोसेसरसोबत येणारा इंटेलचा कूलर रेंडरच्या वेळी, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार होताना, चांगलाच आवाज करतो. मे महिन्यात पंख्याखाली बसूनही तो ऐकू येत होता.

तीन तासांच्या नाटकाचं एक्सपोर्ट जुन्या मशीनवर रात्रभर चालायचं, आता जेवण उरकेपर्यंत होतं. एवढ्यावर मी खूश आहे. भाचा नाही. त्याचे जुने गेम चालतात, नवे अडखळतात. त्याला सांगितलंय, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॅटचं असतं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबलही लागत नाही, पॉवर सप्लाय आणि यूपीएस दोन्ही तयार आहेत. बारावीनंतर अर्धे पैसे त्याने घालायचे.