तेल महागलं, तर शेअर कुणाचा: विमान उडवणाऱ्याचा की बनवणाऱ्याचा?

होटगी रोड विमानतळावरून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून सोलापुरात ‘विमानाचे शेअर घेऊ का?’ असं विचारणारे वाढलेत. पण आधी ठरवा, कोणते विमानाचे?

विमान कंपनीला तेलाचा फटका लगेच बसतो. आपल्याकडे तिच्या खर्चाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग इंधनाचा असू शकतो. शिवाय विमान इंधन जीएसटीबाहेर. त्यावर राज्यागणिक वेगळा व्हॅट. तेल डॉलरमध्ये, तिकीट रुपयात. भाडं वाढवावं तर मुंबईचा प्रवासी सिद्धेश्वर एक्स्प्रेसकडे, म्हणजे रेल्वेकडे वळतो. 2008 मध्ये कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरपर्यंत गेलं, तेव्हा जगभरातल्या अनेक विमान कंपन्या कोलमडल्या.

बनवणाऱ्यांचं गणित वेगळं, आणि मला तेच जास्त पटतं. तेल महाग झालं की जुनं विमान परवडेनासं होतं, कमी पिणारं हवंसं वाटतं. एअरबसने ए320निओ डिसेंबर 2010 मध्ये जाहीर केलं, तेच मुळी सुमारे 15 टक्के इंधनबचतीच्या जोरावर. इंडिगोने 2023 मध्ये याच कुटुंबातली 500 विमानं एकदम मागवली. अशा मागण्या पुरवायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे सुटे भाग बनवणाऱ्यांनाही काम टिकतं.

धोका इथेही आहेच. तेल फारच भडकलं, तर ग्राहक विमान कंपन्याच नव्या विमानांचा ताबा पुढे ढकलतात. नव्या इंजिनांचे दोषही निघतात. 2023 मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे कितीतरी नवी विमानं जमिनीवर राहिली.

तेल उतरणार असं वाटत असेल, तरच मी विमान कंपनीकडे बघेन, तेही कर्ज तपासून.