गूगल सर्च सोडून पाहिलं : अनुवादाच्या कामातला अनुभव

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. शब्द, नावं, सनावळ्या, शासननिर्णय असं काही ना काही दिवसभर शोधत असते. मागच्या पावसाळ्यात फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर गूगल सर्चच्या जागी डकडकगो हे दुसरं शोधयंत्र लावलं, ते अजून तसंच आहे. जीमेल, यूट्यूब सोडलेलं नाही. हे फक्त शोधण्यापुरतं.

कारण सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की, शोधाच्या बाजारातली मक्तेदारी गूगलने बेकायदा मार्गाने टिकवली. आयफोनवरच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं असावं म्हणून एकट्या २०२२ साली गूगलने अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर दिले होते, हेही त्या खटल्यातून बाहेर आलं. आपल्याकडेही २०२२ मध्येच स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. मी इतकी वर्षं जे वापरत होते, ते मी कधी निवडलंच नव्हतं, हे मला फार लागलं.

इंग्रजी शोधांत अडचण जवळपास नाही. चौकटीत उद्गारचिन्हाला जोडून इंग्रजी डब्ल्यू टाकला की थेट विकिपीडिया उघडतो. अशा हजारो खुणा आहेत आणि त्यांची सवय लागली की सुटत नाही. शोधांचा इतिहास साठवला जात नाही, हेही महत्त्वाचं. पण एक लक्षात ठेवा : डकडकगोचे बरेचसे दुवे मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राकडून येतात. मे २०२४ मध्ये बिंग कोलमडलं तेव्हा डकडकगो आणि इकोझिया हे आणखी एक शोधयंत्रही ठप्प झाले होते. स्वतःचा इंडेक्स, म्हणजे वेबपानांची स्वतः तयार केलेली सूची, असलेलं हवं असेल तर ब्रेव्ह सर्च किंवा ब्रिटनचं मोजीक पाहा.

मराठीची गोष्ट वेगळी. ‘पाऊस’ शोधला तर ‘पावसात’, ‘पावसाने’ असलेली पानंही समोर यायला हवीत. त्यासाठी यंत्राला सामान्यरूप कळावं लागतं. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घाचे घोळ आणि रोमन लिपीत मराठी टाइप करायची आपली सवय! गूगल यातलं बरंच सांभाळून घेतं. छोट्या शोधयंत्रांवर तालुक्याच्या बातम्या किंवा जुने लेख शोधताना रिकाम्या हाताने परतायची तयारी ठेवावी लागते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या कितीतरी पीडीएफ तर कुणालाच सापडत नाहीत, गूगललाही नाही, कारण पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत भलतीच अक्षरं साठवलेली असतात.

म्हणून मी मराठीपुरतं शोधयंत्रच मधून काढून टाकलं. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत, तिथे थेट जाते. विश्वकोशाच्या नोंदी थेट त्यांच्या पानावर वाचते. शासननिर्णय राज्य सरकारच्या जीआरच्या साइटवर विभाग आणि तारीख टाकून काढते. गावाकडचा सातबाराही महाभूलेखवरूनच, पत्ता जपून ठेवलेला. त्यामुळे सरकारी वाटणाऱ्या भलत्याच साइटवर पैसे भरायचा धोका उरत नाही. आता एखादा शब्द अडला की तो कुठे असेल याचा आधी विचार होतो, आणि कोशात शेजारची नोंदही वाचली जाते. या बदलाने माझा अनुवाद खरोखर सुधारला.

दुकानाच्या वेळा, एखाद्या गल्लीतला दवाखाना, रोमन लिपीतलं गाणं यांसाठी मी अजून गूगलवर जाते आणि पुढेही जाईन.

तुमचं काम मुख्यतः इंग्रजीत असेल तर आजच बदला. मराठीत असेल तर आधी अशा थेट पत्त्यांची यादी करा, मगच बदला. आणि आपल्या ग्रंथालयांना, साहित्यसंस्थांना मनापासून विनंती : जुने अंक नुसते स्कॅन करून ठेवू नका, त्यांचा मजकूर युनिकोडमध्येही, म्हणजे कुठल्याही यंत्राला वाचता-शोधता येईल अशा अक्षरांत, द्या.