चार्ली पीकॉक: खोडरबर हाती घेतलेला निर्माता, आणि त्याचे कोणते अल्बम घ्यावेत

‘बार्टन हॉलो’ ऐकून पुष्कळांना वाटतं, इथे निर्मात्याला काही कामच उरलं नसणार. जॉय विल्यम्स आणि जॉन पॉल व्हाइट यांचे दोन आवाज, एक गिटार, कुठे पियानो. बारा ट्रॅक, त्यातला एक तर गाण्याविना, नुसत्या वाद्यांचा. ‘द सिव्हिल वॉर्स’ या जोडीचा हा अल्बम फेब्रुवारी २०११मध्ये एका छोट्या स्वतंत्र लेबलवर आला आणि २०१२मध्ये त्याने दोन ग्रॅमी मिळवले: एक लोकसंगीताच्या अल्बमसाठी, दुसरं शीर्षकगीताला, कंट्री संगीतातल्या जोडीच्या किंवा गटाच्या सादरीकरणासाठी. निर्माता चार्ली पीकॉक. काम भरपूर आहे, पण ते खोडरबरचं आहे. हे खोडणं तो कुठे शिकला, ते कळायला त्याचे जुने अल्बम क्रमाने ऐकावे लागतात.

आधी एक खुलासा. इथला ‘निर्माता’ म्हणजे पैसे लावणारा नव्हे. गाण्याला कोणती वाद्यं, कोणता टेक (एका दमात केलेलं मुद्रण) ठेवायचा, कडवं कुठे कापायचं, गायकाला पुन्हा कधी गायला लावायचं आणि कधी ‘बास, झालं’ म्हणायचं, हे सगळं ठरवणारा तो माणूस. आपल्याकडचा संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी काचेमागे बसलेला संगीतकार एकत्र केला, तर साधारण त्याच्या जवळ जाता येतं.

पीकॉकचा जन्म १९५६चा, कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीचा. खरं आडनाव ॲशवर्थ. पहिला अल्बम ‘लाय डाउन इन द ग्रास’ (१९८४) सॅक्रामेंटोच्या एक्झिट रेकॉर्ड्सने काढला. अमेरिकेत ख्रिस्ती रॉकची दुनियाच निराळी होती. लेबलं वेगळी, दुकानं वेगळी, रेडिओ वेगळा. त्या दुनियेतल्या बऱ्याच संगीताला एक खोड होती: बाहेर जे गाजलं, तेच चार वर्षांनी, शब्द बदलून. हा अल्बम त्या खोडीपासून लांब आहे. न्यू वेव्हच्या (त्या काळच्या सिंथेसायझरप्रधान रॉकच्या) ऐन भरातला आवाज, तुटक गिटार, सिंथेसायझर, नाचरा ताल, आणि शब्दांत उपदेश कमी. त्या काळाचे दोषही त्यात पुरेपूर आहेत. सिंथेसायझर गायकाच्याच पट्टीत घुसतो, ड्रमवरचा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, त्या दशकाचा शिक्का मारून जातो, आणि एकही मात्रा रिकामी सोडवत नाही. लहान स्पीकरवर हा अल्बम टोचतो. इक्वलायझरवर तीन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन डेसिबल उतरवले की बसून ऐकता येतो. आवडण्यासाठी नव्हे, पुढचं कळण्यासाठी एकदा ऐका.

खरा सांधा त्यानंतर आहे आणि नेमका तोच लोक वगळतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पीकॉक, गिटारवादक जिमी एबेग आणि गायक व्हिन्स एबो असे तिघंच कार्यक्रम करत. त्या काळातल्या ‘वेस्ट कोस्ट डायरीज’ या मालिकेचा दुसरा भाग या तिघांचाच. ड्रमसेट नाही, म्हणून ताल धरायची जबाबदारी गिटारवाल्याच्या उजव्या हातावर आणि गायकांच्या श्वासावर येते. इथे पीकॉकचं गाणंही बदललंय. ओळ तो थोडी उशिरा टाकतो, शेवटचं अक्षर सोडून देतो, कारण मागे झाकायला काही नाही. दोन पुरुषांचे आवाज, एक गिटार, मध्ये मोकळी जागा. ‘बार्टन हॉलो’चा नकाशा इथेच काढून ठेवलेला आहे, वीसेक वर्षं आधी. ध्वनिमुद्रण खडबडीत आहे, पण एकच घ्यायचा असेल, तर जुन्या अल्बमांतला हाच घ्या.

१९८९मध्ये तो नॅशव्हिलला, अमेरिकेतल्या संगीतव्यवसायाच्या गावी, गेला आणि लवकरच मागणीतला माणूस झाला. हा टप्पा झरझर ओलांडला तरी चालेल. गायिका एमी ग्रँटचं ‘एव्हरी हार्टबीट’ (१९९१) त्याने तिच्यासोबत आणि वेन कर्कपॅट्रिकसोबत लिहिलं. ते बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षीच्या त्याच्या ‘लव्ह लाइफ’ अल्बमवरचं ‘इन द लाइट’ पुढे डीसी टॉक या ख्रिस्ती गटाने १९९५मध्ये घेतलं आणि ख्रिस्ती रेडिओच्या श्रोत्यांना ते त्यांचंच वाटू लागलं. दोन्ही रूपं पाठोपाठ ऐका. चाल तीच, पण डीसी टॉकच्या रूपात आवाजांचे थर इतके चढवलेत की गाणं मोठं होतं आणि एकटा माणूस कबुली देतोय हा भाव पातळ होतो. हे मत सगळ्यांना पटणार नाही. गाजलं तेच रूप, हेही खरं.

नॅशव्हिलच्या बेलव्ह्यू भागातलं एक जुनं खेडवळ चर्च त्याने आणि पत्नीने घेऊन दुरुस्त केलं. तेच त्यांचं ‘आर्ट हाउस’ झालं, घर आणि स्टुडिओ एकत्र. नव्वदच्या दशकात त्याने ‘रीथिंक’ हे लेबल काढलं आणि सॅन दिएगोच्या तीन पोरांचा स्विचफूट हा बँड करारबद्ध केला. त्यांचा ‘न्यू वे टू बी ह्यूमन’ (१९९९) पीकॉकनेच निर्माण केला. तिघांचा बँड म्हटला की मधली जागा भरायला दुसरी-तिसरी गिटार चढवायचा मोह होतो. इथे बासलाच चालीचं काम दिलंय, आणि कडव्यात गिटार गप्प बसते. नंतर स्विचफूट मोठा झाला तो २००३च्या ‘द ब्यूटिफुल लेटडाउन’मुळे. तो जास्त चकचकीत आहे; रिकामी जागा कशी वापरायची, ते शिकायला १९९९चाच बरा.

आता ‘बार्टन हॉलो’. मोबाइलच्या स्पीकरवर त्याचा निकाल लावू नका. तिथे साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचं फारसं उरत नाही, आणि शीर्षकगीताचा जीव तर खालच्या ठोक्यात आहे. साधे तारेचे हेडफोन पुरतात. पंखा बंद करा. हळू जागांवर पंख्याची घरघर श्वासांवर बसते. ॲपवर ऐकत असाल, तर अल्बम क्रमानेच लावा, शफल नको. स्पॉटिफायसारखं ॲप गाण्यांची पातळी एकसारखी करतं, पण अल्बम सलग लावला तर पूर्ण अल्बमला एकच माप लावतं. शफलवर प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं आणि हळू गाणी वर उचलली जातात. शीर्षकगीताच्या धडाक्यानंतर लगेच ‘द व्हायलेट अवर’ येतं, गाण्याविना. ती उतरण शफलवर सपाट होते.

‘पॉयझन अँड वाइन’मध्ये निर्मात्याचा हात सर्वांत नीट ऐकू येतो. दोघं आधी आळीपाळीने गातात, मग एकच ओळ एकत्र, पुन्हा पुन्हा. कोणीही इथे ड्रम चढवला असता. पीकॉक ते करत नाही; दोन आवाजांमधलं अंतर कमी होतं, तीच गाण्याची चढण. श्वास कापलेले नाहीत. शीर्षकगीतात मात्र तो उलट करतो: गिटारचा एकच ठेका, पायाचा धक्का, आणि आवाज अंगावर येतात. तक्रार एकच आहे. अल्बमच्या उत्तरार्धात दोन-तीन गाणी एकाच संथ चालीने येतात आणि लक्ष सुटतं. बारा ऐवजी दहा पुरली असती.

घरच्या स्टुडिओत असा आवाज काढायला निघालेले बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. दोघांना एका खोलीत समोरासमोर गाऊ द्यावं, हे बरोबर. नजरेवर श्वास जुळतो. पण मग एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरतो. तो थोडा उशिरा पोचतो. अंतराचा फरक ३४ सेंटिमीटर असला की एक मिलिसेकंद उशीर, आणि दोन्ही माइक सारख्या पातळीवर मिसळले की पाचशे हर्ट्झला खड्डा (तिथला आवाज गळून पडतो), पुन्हा दीड हजाराला, पुन्हा अडीच हजाराला. आवाज नाकातून, नळीतून आल्यासारखा होतो. उपाय: दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज पकडणारे) माइक एकमेकांकडे पाठ करून ठेवा. त्यांची मागची बाजू सर्वांत बहिरी असते, आणि समोरचा गायक नेमका तिथे येतो. गायक माइकपासून वीस सेंटिमीटरवर असेल, तर दोन माइकांत किमान साठ सेंटिमीटर ठेवा. या तिप्पट अंतराने शिरकाव नऊ-दहा डेसिबलने खाली जातो. मिक्स अधूनमधून मोनोवर, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, तपासा, खड्डे तिथे लगेच उघडे पडतात.

दुसरी चूक ऑटोट्यूनची, म्हणजे सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करण्याची. एकाचा सूर दुरुस्त केला, पण त्याचाच न सुधारलेला सूर दुसऱ्याच्या माइकात शिल्लक आहे. दोन्ही वाजले की आवाज दुभंगतो. म्हणून अशा मुद्रणात सूर चुकला की संपूर्ण टेक पुन्हा. सहा-सात टेक घेऊन त्यातला एक निवडणं इथे कापाकापीपेक्षा स्वस्त पडतं. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणं, दोनास एक, तीन-चार डेसिबलपुरतंच. जास्त दाबलं की श्वास शब्दांइतके मोठे होतात आणि जवळीक जाऊन धाप लागल्यासारखं वाटतं. रिव्हर्ब लावायचाच तर आवाजानंतर तीसेक मिलिसेकंद थांबून सुरू होऊ द्या; शब्द पुढे राहतो, खोली मागे.

‘द सिव्हिल वॉर्स’चा २०१३चा, त्यांच्याच नावाचा अल्बम बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्यात विजेची गिटार आहे, ड्रम आहेत, आवाज रुंद आहे. एव्हाना दोघांनी एकत्र कार्यक्रम करणं थांबवलं होतं, आणि भरलेली जागा ऐकताना ते जाणवत राहतं. गाणी वाईट नाहीत, पण पहिल्याच्या आधी हा घेऊ नका. त्यापेक्षा ‘द लोन बेलो’ या बँडचा त्याच वर्षीचा, त्याच नावाचा अल्बम घ्या, तोही पीकॉकचाच. त्याचा बराच भाग न्यूयॉर्कच्या रॉकवुड म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे कार्यक्रमांच्या जागेतच मुद्रित झाला. आवाज आता तीन आहेत, तिघं एकदम ओरडून गातात, आणि तरीही प्रत्येकाचे शब्द सुटे ऐकू येतात. मुद्रण शिकणाऱ्याने हेडफोनचा एक कान झाकून हा अल्बम एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या बाजूने ऐकावा.