आतड्यासाठीची केराटिन पावडर: पावडर चांगली, दावा अजिबात पटला नाही

पाचपैकी दोन स्टार देतेय आणि तेही फक्त पावडर म्हणून. पाण्यात पटकन विरघळते, गुठळ्या होत नाहीत, वास येत नाही म्हटलं तरी चालेल. केस-नखांसाठी घेणाऱ्यांना कशी वाटेल ते मी सांगत नाहीये, माझं भांडण डब्यावरच्या ‘आतड्याचं अस्तर मजबूत, सूज कमी’ या ओळीशी आहे.

आत एक माहितीपत्रक येतं, त्यावर आतड्याच्या पेशींचं चित्र आणि त्यात केराटिनचे, म्हणजे पेशीला आधार देणाऱ्या एका प्रोटीनचे, धागे. चित्र बरोबर आहे हो! आतड्याच्या आतून पेशींचा एकच थर असतो, त्या पेशींत केराटिन ८, १८, १९, २० या प्रकारांचं जाळं असतं आणि ते डेस्मोसोम नावाच्या जोडांना बांधलेलं असतं, म्हणून ताण आला तरी शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना सोडत नाहीत. उंदरांमध्ये केराटिन ८ चा जीन काढून टाकला तर मोठ्या आतड्याचं अस्तर वाजवीपेक्षा जास्त वाढतं, हे १९९४ मध्येच दिसलं होतं, शिवाय जुलाब होतात, सूज येते, सोडियम नीट शोषलं जात नाही, आणि गंमत म्हणजे अशा उंदरांना अँटिबायोटिक्स दिली की सूज उतरते. म्हणजे पेशीच्या आतलं एक प्रोटीन नसलं तर आतड्यातल्या बॅक्टेरियांशी जमवून घेणंच अवघड होऊन बसतं. मला हा सगळा विषय फार आवडतो, म्हणूनच त्याचा असा वापर बघून जास्त राग आला.

कारण हे केराटिन पेशी स्वतः बनवते, स्वतःच्या जीनवरून, आतल्या आत. डब्यातलं केराटिन आहे मेंढीच्या लोकरीचं, ते वेगळ्याच जीन्सचं, सिस्टीन (सल्फर असलेलं अमिनो ॲसिड) भरपूर आणि सल्फरच्या बंधांनी इतकं घट्ट की तसंच खाल्लं तर आपल्याला पचणारही नाही, म्हणून आधी हायड्रोलाइज करून त्याचे बारीक तुकडे करतात, आणि पोटात गेल्यावर त्या तुकड्यांची अमिनो ॲसिड्स होतात, डाळीच्या किंवा अंड्याच्या प्रोटीनची होतात तशीच. त्यातून थेट आतड्याच्या पेशीत केराटिन ८ ची भर पडणार कशी? आणि निव्वळ प्रोटीन म्हणून बघितलं तरी यात लायसिन आणि मेथिओनिन ही गरजेची अमिनो ॲसिड्स कमीच.

पत्रकात उंदरांच्या प्रयोगाचा उल्लेख आहे, पण त्यात जीन काढला होता, केराटिन खायला घातलं नव्हतं. माणसांचं म्हणाल तर आतड्याच्या सुजेच्या काही पेशंट्समध्ये केराटिन ८ च्या जीनमध्ये बदल सापडले होते, पण पुढच्या अभ्यासांत तो संबंध काही पक्का झाला नाही. मी विक्रेत्याला विचारलं की हीच पावडर माणसांना देऊन केलेली चाचणी आहे का, तर उत्तरात तेच पत्रक पुन्हा पाठवलं.

मला घेऊन त्रास झाला नाही आणि पोटात फरकही पडला नाही. पण क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याच्या सुजेचे आजार) असलेलं कुणी हा डबा बघत असेल तर कृपा करून याच्या भरवशावर चालू औषधं बंद करू नका, आणि शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल तर आधी डॉक्टरकडे जा. कंपनीने ती ओळ काढून नुसतं ‘हायड्रोलाइज्ड केराटिन’ एवढंच लिहिलं तर मी रेटिंग बदलेन.