सीएमसी वेल्लोरची एमबीबीएस मुलाखत, २००१ : निवड न झालेल्या उमेदवाराकडून

परवा भाचीचा फोन आला. नीटची तयारी चालली आहे तिची. "मावशी, वेल्लोरला अजून मुलाखत असते का गं?" नसते, म्हटलं. एमबीबीएसचे प्रवेश आता नीटच्या, म्हणजे देशभर होणाऱ्या एकाच प्रवेशपरीक्षेच्या, गुणांवर होतात. "मग बरंच झालं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मला मात्र बरं वाटलं नाही. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या क्रिश्चन मेडिकल कॉलेजची (सीएमसीची) ती मुलाखत मी २००१ साली दिली आहे. तेव्हा एमबीबीएसच्या ६० जागा होत्या आणि त्यातली एकही माझ्या वाट्याला आली नाही. पुढे राज्याच्या सीईटीतून सरकारी कॉलेजात शिकले, डॉक्टर झाले, आज एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. त्यानंतर कितीतरी परीक्षा दिल्या, तोंडी दिल्या, लेखी दिल्या. पण मला नीट बघून, मी कोण आहे हे समजून घेऊन ज्यांनी नापास केलं, असे परीक्षक मला तिथेच भेटले. म्हणून इतक्या वर्षांनी हे लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, पप्पा मिशनच्या शाळेत गणिताचे शिक्षक. वेल्लोरला दोन प्रकारचे अर्ज असायचे. एक खुला, कोणत्याही धर्माच्या मुलामुलींसाठी. दुसरा चर्चने किंवा मिशन संस्थेने पाठवलेल्या ख्रिस्ती उमेदवारांचा. त्यात निवड झाली तर शिक्षण संपल्यावर पाठवणाऱ्या संस्थेच्या दवाखान्यात दोन वर्षं काम करायचं बंधन. मी दुसऱ्या प्रकारातली. आमच्या पाळकसाहेबांनी स्वतः बसून माझा अर्ज तपासला होता. कॉलेज डोनेशन घेत नाही आणि फी शिक्षकाच्या पगारात बसते, हे पप्पांना कळल्यापासून आमच्या घरात दुसऱ्या कॉलेजचं नाव निघत नव्हतं.

लेखी परीक्षा पास झाले आणि मुलाखतीचं पत्र आलं. तेव्हा कोणीतरी सांगितलं की एका मोठ्या शहरात मुलाखतीची तयारी करून घेणारे क्लास आहेत. पप्पांनी पतपेढीतून पैसे काढले. आठ दिवस मी तिथे एका नातेवाइकांकडे राहून सकाळ-संध्याकाळ क्लासला गेले. नाव लिहीत नाही, पण त्या क्लासबद्दल माझी तक्रार आजही कायम आहे. सरांनी आम्हा सगळ्यांना एकच उत्तर पाठ करायला लावलं : मला गरिबांची सेवा करायची आहे, कारण माझ्यासाठी वैद्यकी हा व्यवसाय नसून पाचारण, म्हणजे देवाची हाक, आहे. इंग्रजीत, उभं राहून, हसऱ्या चेहऱ्याने. मुलाखतीच्या वेळी द्यायच्या अर्जाच्या मसुद्यात मी आमच्या शाळेतल्या एका मुलाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. सरांनी त्यावर लाल पेनाने काट मारली. "निगेटिव्ह काही लिहायचं नाही," म्हणाले. मी ऐकलं.

प्रवास लांबचा. दौंडहून मद्रासकडे जाणाऱ्या गाडीत बसलो, अरक्कोणमला उतरलो, तिथून दुसऱ्या गाडीने काटपाडी. वेल्लोरचं स्टेशन म्हणजे काटपाडीच. दवाखाना भर गावात आणि कॉलेज तिथून सहा-सात किलोमीटरवर बागायमला. दगडी इमारती, भोवती झाडं, मागे उघडेबोडके डोंगर. पप्पा दिवसभर बाहेर झाडाखाली इतर पालकांबरोबर बसायचे. त्यांना तमिळ येत नव्हतं, शेजारच्या केरळच्या गृहस्थांना मराठी येत नव्हतं, तरी दोघांनी तीन दिवस एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेतली.

आता मुलाखतीबद्दल. मुलाखत म्हटलं की आपल्याकडे पाच मिनिटांचं काम डोळ्यांसमोर येतं. इथे मुक्कामाला राहायचं होतं, आणि खोलीतल्या प्रश्नोत्तरांइतकंच महत्त्व बाहेरच्या कामांना होतं. आमच्या गटात आठ जण. आम्हाला दोन बांबू, एक दोरखंड आणि पाण्याने भरलेली बादली दिली. जमिनीवर फक्कीने आखलेला पट्टा होता, त्याला पाय न लावता बादली पलीकडे न्यायची. पाणी सांडायचं नाही. थोड्या अंतरावर खुर्च्या टाकून काही प्राध्यापक बसले होते, मांडीवर वह्या.

क्लासमध्ये सांगितलं होतं, गटात गेलात की पुढाकार घ्या, आवाज मोठा ठेवा. मी तेच केलं. मी आणि केरळचा एक उंच मुलगा, आम्ही दोघांनीच बोलणं ताब्यात घेतलं. गटात ईशान्येकडची एक बारीक चणीची मुलगी होती. ती दोनदा काहीतरी म्हणाली, तेही हळू. बादली अर्ध्यावर गेली आणि दोरखंडाची गाठ सरकायला लागली. ती मुलगी गुडघ्यावर बसली, बादलीच्या कडीजवळ एका हाताने दोर दाबून धरला, दुसऱ्या हाताने आणि दातांनी गाठ सोडवून पुन्हा मारली. ओला दोर, त्यामुळे तिची बोटं लाल झाली होती. बादली पलीकडे गेली, आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग एक प्राध्यापक उठून आले आणि आम्हाला प्रत्येकाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला : "तुमच्या गटात कोणाचं म्हणणं ऐकलं गेलं नाही?"

मी म्हटलं, सगळ्यांचं ऐकलं गेलं. ते वहीत लिहून पुढे गेले. संध्याकाळी जेवणाच्या रांगेत ती मुलगी माझ्या पुढे होती. विचारलं, दुपारी काय म्हणत होतीस? ती म्हणाली, दोर ओला आहे, साधी गाठ टिकणार नाही.

आज ओपीडीत सासू सगळं सांगत असते आणि सून गप्प उभी असते, तेव्हा मला ती वही आठवते.

लोक सगळ्यात जास्त विचारतात ते धर्माबद्दल. माझ्या खोलीत दिल्लीची एक हिंदू मुलगी होती, खुल्या गटातली. तिला पहिल्या रात्री भीती की बायबलवर प्रश्न येतील. तिला एकही आला नाही. मला आला, तो असा : रुग्णासाठी प्रार्थना करावीशी वाटली आणि त्याला ती नको असली तर? मी म्हटलं, मग घरी जाऊन करीन. समोरच्या बाई हसल्या. तीन दिवसांत मी मनापासून दिलेलं ते पहिलं उत्तर.

या बाई म्हणजे मुलाखतीच्या खोलीतल्या चौघांपैकी सगळ्यात वयस्कर डॉक्टर. पांढरे केस, सुती साडी. माझा अर्ज त्यांच्यापुढे होता. मिशनच्या दवाखान्यात काम करायचं आहे, असं मी लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, तुमच्या भागात मिशनचा दवाखाना आहे का? मी अभिमानाने म्हटलं, आहे, माझा जन्मच तिथला.

"किती खाटा आहेत?"

माहीत नव्हतं.

"रात्री बाळंतीण आली तर कोण येतं?"

तेही माहीत नव्हतं. मला घाम फुटला आणि मी पाचारणाचं वाक्य म्हणायला सुरुवात केली. बाईंनी पेन खाली ठेवलं. न रागावता म्हणाल्या, "हे वाक्य मी सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकते आहे, बाळ. तुझं वाक्य सांग. इंग्रजी जड जात असेल तर हिंदीत सांग, यांना मी समजावीन."

मग मी हिंदीत, मधेच मराठीत, शाळेतल्या त्या मुलाबद्दल सांगितलं. सातवीत होता. पावसाळ्यात रात्री शेतावर त्याला साप चावला. आमच्या दवाखान्यात तेव्हा डॉक्टर नव्हता, जुना सोडून गेलेला, नवा यायचा होता. त्याला नगरला न्यायला जीप मिळेपर्यंत पहाट झाली. ३८ किलोमीटर. पप्पा त्या जीपमध्ये होते. वाटेतच गेला. दुसऱ्या दिवशी पप्पांनी हजेरी घेताना त्याचं नाव उच्चारलं आणि वर्गाबाहेर निघून गेले.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मग बाईंनी विचारलं, "हे अर्जात का नाही लिहिलंस?"

लिहिलं होतं, काढायला सांगितलं, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. काढलं होतं मीच. मी गप्प बसले. त्यांनी मान हलवली, आभार मानले, मला दारापर्यंत सोडायला उठून आल्या.

तो रात्रीचा प्रश्न त्यांनी का विचारला, हे मला नंतर कळलं. कॉलेजची संस्थापक आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरची मुलगी. तरुणपणी आईच्या आजारपणामुळे भारतात आली होती, इथे राहायचा तिचा विचार नव्हता. तिंडिवनमला एका रात्री तीन वेगवेगळ्या घरचे पुरुष दारात आले. तिघांच्याही बायका अडल्या होत्या आणि परपुरुषाचा हात लागू द्यायला घरचे तयार नव्हते, त्यामुळे तिच्या वडिलांना नेता येईना. आयडाला वैद्यकीचं काहीच येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. ती परत जाऊन डॉक्टर झाली, १९०० साली वेल्लोरला एका खाटेवर दवाखाना सुरू केला आणि १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. मुलांना प्रवेश मिळाला तो १९४७ पासून. रात्री बाळंतीण आली तर कोण येतं, या एका प्रश्नातून ते सगळं कॉलेज उभं राहिलं आहे, आणि तोच प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा मी पाठ केलेलं वाक्य म्हणत होते.

यादीत माझं नाव नव्हतं. त्या ईशान्येकडच्या मुलीचं होतं. पप्पांनी यादी दोनदा वाचली, मग माझी बॅग उचलली.

आता ही मुलाखत का बंद झाली, ते थोडक्यात. नीट पहिल्यांदा २०१३ साली झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली; त्या खटल्यात वेल्लोरचं कॉलेज अर्जदार होतं. २०१६ साली तो निकाल मागे घेतला गेला आणि नीट परत आली. २०१७ साली आपली निवडपद्धत सोडावी लागते म्हणून कॉलेजने १०० पैकी एकच एमबीबीएसची जागा भरली. हे मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा पेपर हातात धरून बराच वेळ बसले होते. २९ एप्रिल २०२० च्या निकालात न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही नीट लागू असल्याचं कायम केलं.

न्यायालयाची बाजू मला समजते. बंद दाराआड डोनेशन घेऊन प्रवेश देणारी कॉलेजं देशात होती, आणि मुलाखत हा त्यांच्यासाठी सोयीचा पडदा होता. एकाच परीक्षेने तो पडदा फाटला, हे चांगलंच झालं. शिवाय गावाकडच्या पोराला दहा ठिकाणच्या दहा परीक्षांचे फॉर्म भरायला लागत नाहीत. भाचीसारख्या मुलींचा जीव त्यात सुटला. पण दोर ओला आहे हे जिला आधी कळलं, ती मुलगी गुणपत्रिकेत कशी दिसणार? तिच्यासारख्यांना शोधायला तीन दिवस आणि इतके प्राध्यापक लावणारी जागा मी दुसरी पाहिली नाही. एकेका उमेदवारासाठी तेवढा वेळ देणं परवडत नाही म्हणतात. मला वाटतं, डॉक्टर निवडताना ते परवडवून घ्यायला हवं.

ज्यांना आजही कुठे अशी मुलाखत द्यायची आहे, मग ती नर्सिंगची असो, फेलोशिपची असो की एखाद्या मिशन दवाखान्यातल्या नोकरीची, त्यांना माझं कळकळीने सांगणं आहे. क्लासला पैसे घालू नका. त्या पैशात जवळच्या दवाखान्यात जा, वॉर्डात बसा, रात्रपाळीच्या सिस्टरला चहा नेऊन द्या आणि तिचं ऐका. अर्जातली जी ओळ लिहिताना तुमचा हात थांबला होता, ती खोडू नका.

परतीच्या गाडीत पप्पा आणि मी फारसं बोललो नाही. गावी पोचल्यावर पुढच्या रविवारी उपासना संपली तशी मी चर्चच्या मागच्या फाटकातून मिशनच्या दवाखान्यात गेले. मोठ्या सिस्टर प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर कापसाचे बोळे करत बसल्या होत्या.

"सलाम सिस्टर. आपल्याकडे खाटा किती आहेत?"

"चाळीस. चालू आहेत अठ्ठावीस. का गं?"

"आणि रात्री बाळंतीण आली तर कोण येतं?"

त्यांनी बोळा डब्यात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. "मी येते. ये, बस इथे. हात धू आधी."