ठेका धरणाऱ्या बोटांसाठी पहिला तबला

उस्ताद झाकीर हुसेन लहानपणी स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर ताल धरत असत. पुढे वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्या तालमीत तयार झालेल्या या वादकाने १९७३ मध्ये गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्यासह ‘शक्ती’ हा वाद्यवृंद उभारला आणि २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळवले. आमच्या मुलीकडून अशी अपेक्षा नाही. मात्र तिचा डब्यांवरचा केरवा (आठ मात्रांचा ताल) लयीत पडू लागल्याने पुण्यातील एका जुन्या कारागिराकडून तबल्याची जोडी घेतली.

शिसवी खोडाचा, ५.५ इंची तोंडाचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात, उत्तम लागतो. शाई (मधला काळा गोल) एकसारखी घोटलेली असल्यामुळे ‘तीं’ या बोलाची आस (मागे रेंगाळणारा नाद) लांबते, आणि चाटीवरचा (कडेच्या पट्टीवरचा) ‘ना’ नवख्या बोटांनाही स्वच्छ काढता येतो, ही माझ्या मते या जोडीची खरी कमाई आहे. पितळी डग्गा (डाव्या हाताचे वाद्य) वजनदार असल्याने बैठकीत हलत नाही. पण तो क्लासला वाहून नेणे पालकांच्याच नशिबी येते. पावसाळ्यात पुडी (तोंडावरचे चामडे) सैल पडून स्वर उतरला, तेव्हा गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून तो पुन्हा चढवता आला. चुट्ट्या (खाली ठेवायच्या गोल बैठका) व गवसणी (खोळ) किमतीत आल्या, हातोडी मात्र वेगळी घ्यावी लागली. शिकण्याबाबत गांभीर्य असेल तरच हा खर्च करावा. नुसत्या हौसेला वापरलेली जोडी पुरेशी आहे.