पणजीत रात्री उशिरा काय खावं: बेळगावकरासाठी रस ऑम्लेट, चोरीस पाव, मासळी आणि पेज

पणजीत रात्री दहानंतर पोहोचणाऱ्या बेळगावकराने भाताचा नाद सोडावा आणि पाव शोधावा. आपल्याकडे रात्रीचं जेवण म्हणजे खानावळीतलं ताट: भाकरी नाहीतर चपाती, रस्सा, शेवटी भात. फारच उशीर झाला तर बिर्याणी. गोव्यात भाताचा मान दुपारचा. सकाळी बाजारात मासळी येते, दुपारी हुमण, म्हणजे माशाची नारळाची आमटी, आणि उकड्या तांदळाचा भात होतो, आणि दिवेलागण झाली की रस्त्याकडेचं खाणं पावावर येतं. थाळीची पाटी रात्रीही लटकत असते, पण दुपारी जेवलेलं ताट आणि रात्री अकराचं ताट एकदा शेजारी ठेवून बघा, मग पैसे कुठे घालायचे ते सांगावं लागत नाही.

हे लिहितोय ते शनिवारी चोर्ल्याच्या घाटातून गाडी काढणाऱ्यांसाठी, आणि वेर्ण्याच्या कारखान्यांत, पणजीच्या हॉटेलांत नाहीतर मांडवीतल्या कॅसिनोंवर पाळी करणाऱ्या आपल्या खानापूर, निपाणी, बेळगावच्या पोरांसाठी. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. एवढ्या जवळ म्हणजे खाणंही आपल्यासारखंच असणार असं वाटतं. तसं काही नाही. कांदा-कोथिंबीर तेवढी आपली. बेळगावच्या भाजीच्या गाड्या रोज घाट उतरतात.

पहिला क्रमांक रस ऑम्लेटला, आणि त्यात मला फारसा वाद दिसत नाही. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घातलेलं ऑम्लेट तव्यावर होतं, ताटलीत पडतं, आणि त्यावर पळीभर शाकुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातल्या गोव्याच्या रश्शाचा, गरम रस. वरून चिरलेला कच्चा कांदा, लिंबाची फोड, बाजूला पाव. बास. आपल्याकडच्या बुर्जीच्या गाडीशी ताडून बघायचं तर बुर्जी कोरडी, तिचं तिखट तव्यावरच संपतं आणि चपातीला काहीतरी ओलं हवं असं वाटत राहतं. रस ऑम्लेटमध्ये ते ओलं आधीच आहे आणि तेच मुख्य आहे. अंडं नावाला.

शाकुतीचा मसाला आपल्या रश्शापेक्षा वेगळ्या वाटेने जातो. आपण सुकं खोबरं, लसूण आणि लाल तिखट घेऊन वर लालभडक कट आणतो. तिथे ओलं खोबरं खरपूस भाजतात आणि त्यात खसखस, धणे, मिरी, जायफळ, चक्रीफूल, सुक्या मिरच्या अशी मोठी पंगत बसते. त्यामुळे पहिल्या घासाला आपल्या जिभेला वाटतं, तिखट कुठाय? ते मागून येतं. निपाणीकडच्या, तांबड्या रश्शावर वाढलेल्या माणसाला हा रस जरा गोडसर वाटेल. त्याने कच्ची मिरची मागून घ्यावी, गाडेवाला देतो.

पार्सलच्या बाबतीत मात्र हा पदार्थ नाठाळ आहे. रस ओतून डब्यात भरला की खोलीवर पोहोचेपर्यंत ऑम्लेटचा लगदा होतो आणि कच्च्या कांद्याला पाणी सुटतं. घ्यायचंच असेल तर रस वेगळ्या पिशवीत, कांदा कागदात, लिंबू अख्खं असं सांगा. ‘पात्रांव (मालक), रस वेगळो’ एवढं म्हटलं तरी काम होतं. पण गाड्यापाशी उभं राहून खाण्याला तोड नाही, आणि रात्रीच्या भुकेला दुसरा मोठा फायदा असा की सगळं तुमच्या डोळ्यांदेखत तव्यावर शिजतं.

पावाकडेही लक्ष द्या. रात्री गाड्यावर बहुतेक साधा मऊ पावच उरतो. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों-पों करत सकाळ-संध्याकाळ फिरतो; त्याच्याकडे कोंडा लावलेली, आतून पोकळ पोळी असते आणि वरून कडक कवचाचा उंडा. रसाला उंडा सगळ्यांत चांगला, कारण बुडवला तरी हातात तुटून पडत नाही. खोली घेऊन राहणाऱ्यांनी संध्याकाळी चार उंडे घेऊन ठेवावेत आणि रात्री फक्त रस ऑम्लेट आणावं. गाडेवाल्याला राग येत नाही.

चोरीस पावाची गोष्ट उलटी. तो गाड्यापेक्षा पार्सलातच शोभतो. डुकराचं मांस, व्हिनेगर, मिरची, लसूण, मसाला हे सगळं आतड्यात भरून, सुकवून माळा करतात. मीठ, आंबटपणा आणि सुकवणं या तिन्हींमुळे तो टिकतो, म्हणून रात्री आणलेला चोरीस पाव तासाभराने उघडला तरी चवीत फार फरक पडत नाही. उलट सुटलेली चरबी पावात मुरते. पाळी सुटून दोन वाजता खोलीवर येणाऱ्याला हा रस ऑम्लेटपेक्षा सोयीचा. पण जड. पहिल्यांदा खाणाऱ्याने अर्धाच खावा, तो खारट-आंबट-तेलकट असा तिन्ही बाजूंनी अंगावर येतो. कच्च्या माळा बेळगावला न्यायच्या असतील तर न्या, फक्त नुसता सुकलेला दिसतो म्हणून तसाच तोंडात टाकू नका. चांगला शिजवावा लागतो. घरात डुक्कर चालत नसेल तर स्वयंपाकघरात त्याचा वास दोन दिवस तुमची चहाडी करेल, तेही धरून चाला.

याच रांगेत कटलेट पाव. रवा लावून तळलेलं मांसाचं चपटं कटलेट, पावात कोबी-कांद्याबरोबर. चवीला उत्तम. ते गोमांसाचंही असतं आणि चिकनचंही, तेव्हा पाळणाऱ्यांनी न लाजता आधी विचारावं. तिथे या प्रश्नाचं कुणाला नवल वाटत नाही.

आता मासळी. बेळगावचा माणूस गोव्याला जातो तोच मुळी मासे खायला, त्यामुळे रात्री अकराला सुद्धा तळलेल्या बांगड्याचं पार्सल मागवायचा मोह होतो. माझं मत: बसून खायची सोय असेल आणि हॉटेलात गर्दी असेल तर जरूर खा, पार्सल आणू नका. रव्याचं कुरकुरीत कवच डब्यातल्या वाफेत दहा मिनिटांत मऊ पडतं, हे झालं चवीचं. दुसरं कारण अधिक वजनदार आहे. बांगडा, सुरमई, कुपा अशा मासळीत थंडावा नीट राखला नाही तर हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालं की ते शिजवून वा तळून जात नाही. तोंड लाल होणं, डोकं धरणं, अंगावर गांधी उठणं हे त्याचे चाळे. दिवसभर बर्फात-बाहेर झालेला बांगडा कोणता हे मसाल्याखाली ओळखता येत नाही. ज्या हॉटेलात मासळी भराभर संपते तिथे हा धोका कमी.

त्यात जून-जुलै आला तर आणखी विचार करा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पावसाळ्यात चोर्ल्याचं धुकं बघायला आपली माणसं झुंडीने उतरतात ती नेमकी याच दिवसांत. तेव्हा ताटात येणारी मासळी बरीचशी बर्फातली. त्या दोन महिन्यांत अंड्यावर विश्वास ठेवावा हे बरं.

गोबी मंचुरीबद्दल फार बोलायला नको, पण ती टाळताही येत नाही, कारण रात्री भूक लागली की आपला हात सवयीने तिकडेच जातो. गोव्यातही ती मिळते, जत्रेत तर हमखास. पण 2024 च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत तिच्या स्टॉलना मनाई केली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. म्हणजे घाटाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे तिच्या लालीवर संशय. खायचीच तर बेळगावात ओळखीच्या गाडीवर खा. त्यासाठी घाट उतरायची गरज नाही. फोनवरून मागवायच्या बिर्याणीलाही हेच लागू. बिर्याणीत बेळगावकराने गोव्याकडून काही शिकावं असं मला अजून सापडलेलं नाही.

मंगळूरला जाण्याचा बेत असेल तर हिशेब बदलतो. तिथली कोरी रोटी, म्हणजे तांदळाच्या कोरड्या कुरकुरीत पापड्या आणि कोंबडीचा नारळाचा रस्सा, पार्सलसाठीच जन्माला आल्यासारखी आहे: दोन पिशव्या वेगळ्या, खाताना एकत्र. पण मंगळूर आपल्याला चारशे किलोमीटरच्या पुढे. शनिवार-रविवारच्या सुट्टीत ते बसत नाही.

राहायला गेलेल्यांसाठी वेगळा सल्ला. चार-पाच रात्री गाड्यावर खाल्लं की पोट कुरकुरतं, आणि तेव्हा घरची आठवण येते ती मऊ भात, ताक किंवा आंबिलीची. गोव्यातलं तिचं भावंड म्हणजे पेज. ती रात्री गाडीवर मिळत नाही. मुळात ती सकाळी दहा-अकराची, शेतावरून आलेल्या माणसाची. ती खोलीवर करावी लागते, आणि कुकर असला तर अवघड नाही. उकडे तांदूळ वाटीभर, कामावर जाताना भिजत घालायचे, आल्यावर सात-आठ वाट्या पाण्यात शिजवायचे, मीठ शेवटी. उकड्याला आपल्या तांदळापेक्षा वेळ जास्त लागतो, घाई केली तर दाणा मधे टणक राहतो. सोबत कैरीचं लोणचं आणि भाजलेली सुकी मासळी. आदल्या दिवशीचं हुमण आटवून घट्ट केलं तर फारच उत्तम, पण त्यासाठी आदल्या दिवशी हुमण करणारं कुणी घरात हवं. पैशांचं म्हणाल तर या सगळ्यांत स्वस्त पेज, मग रस ऑम्लेट, आणि मासळी सगळ्यांत महाग.

राहिले शाकाहारी, आणि सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारे आपल्यातले अर्धेअधिक. त्यांची रात्री अडचण आहे हे सरळ सांगतो. रस ऑम्लेटच्या गाड्यावरचा रस कोंबडीच्या शाकुतीचा असू शकतो, तुकडा दिसला नाही तरी. काही गाड्यांवर चण्याचा रस असतो. ‘चण्याचा की चिकनचा’ हे विचारूनच पावाला हात लावा. खरी शाकाहारी चैन म्हणजे गोव्याची पाव-भाजी: पातळ भाजी, सुकी भाजी, अळसांद्याचं टोनाक (चवळीसारख्या कडधान्याचा खोबऱ्याचा रस्सा), जोडीला केळ्याचे गोड बन. मुंबईच्या लोणीदार पावभाजीशी तिचं काही नातं नाही. पण ती पणजीत कॅफे भोसले, कॅफे ताटो अशा सकाळ-संध्याकाळच्या ठिकाणांची वस्तू आहे. तेव्हा शाकाहारी माणसाने बेळगावहून दुपारच्या जेवणाआधीच निघावं आणि उजेडात पणजी गाठावी. उशीर होणारच असेल तर घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यावी.